मेल पोचत नाही तेव्हा : बिघाड कुठे आणि कसा शोधावा?



पाइपलाइनचे पाणी फडाच्या शेवटच्या सरीला पोचत नसेल तर आपण काय करतो? एकदम सगळी लाइन उकरत नाही. अगोदर मोटार चालू आहे का ते बघतो, मग विहिरीवरचा व्हॉल्व, मग बांधावरचे चेंबर. जिथवर पाणी येते आणि जिथून पुढे येत नाही, त्या दोन ठिकाणांच्या मधेच कुठेतरी घोळ असतो. ही विद्या आपल्याला कोणी शिकवलेली नाही, अंगवळणी पडलेली आहे. परंतु हाच माणूस ई-मेल बंद पडली की गडबडून जातो आणि "सर्व्हर गेला, नवा आणा" म्हणून मोकळा होतो. नवा आणला तरी मेल जात नाही ती नाहीच.

उसाच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, आपल्या रेणापूर तालुक्यात आता नुसता ऊस राहिलेला नाही. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या खरेदी-विक्रीसाठी सभासदांनी कंपन्या काढल्या आहेत, कुणाची डाळमिल आहे, कुणाचे बियाण्याचे काम आहे. भाव, मागणी, बिल, बँकेची कागदपत्रे सारे मेलवर चालते. काहींनी आपल्या कंपनीच्या नावाचा स्वतःचा मेल सर्व्हर कार्यालयातच बसवला आहे. अशाच एका कार्यालयात दिवाळीच्या सुमारास जे घडले, ते येथे मांडतो. नाव देण्याचे कारण नाही.

पुण्याच्या एका खरेदीदाराने सोयाबीनचे दरपत्रक मागितले होते. कार्यालयातल्या मुलाने ते त्याच दिवशी दुपारी पाठवले. दोन दिवसांनी फोन केला तर खरेदीदार म्हणाला, "तुमचा भाव आलाच नाही, आम्ही दुसरीकडे सौदा केला." बैठकीत अध्यक्ष तापले. "ह्या पोरानं पाठवलंच नसंल. दिवसभर मोबाईलात तोंड घालून बसतंय." पोरगा बिचारा सारखा सांगत होता, "तात्या, बगा की, सेंटमधी दिसतंय, मी पाठवलंय." पण कोणी ऐकेना. त्याची नोकरी जाते की राहते इथवर गोष्ट आली, तेव्हा आमच्या कॉम्प्युटर विभागाला बोलावणे आले.

आम्ही पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, दोघांचेही खरे असू शकते. 'सेंट'मध्ये मेल दिसते याचा अर्थ ऊस फडातून निघाला, एवढाच. तो काट्यावर आला, गव्हाणीत पडला असा त्याचा अर्थ नव्हे.

मेलचा प्रवास कसा होतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. आपल्या टेबलावरून निघालेली मेल अगोदर आपल्याच सर्व्हरवर जाते. सर्व्हर पत्त्यातला अ‍ॅट या चिन्हाच्या पुढचा भाग वाचतो, म्हणजे गाव कोणते ते बघतो. मग तो नावांच्या जागतिक वहीत शोधतो की, या गावाचे टपाल कोण घेतो. या वहीला डीएनएस म्हणतात, आणि 'टपाल कोण घेतो' या नोंदीला एमएक्स म्हणतात. तिथून त्याला यंत्राचे नाव मिळते, नावावरून त्या यंत्राचा क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाच्या २५ नंबरच्या दारावर जाऊन तो मेल हवाली करतो. १९८२ साली जॉन पोस्टेल या अमेरिकी संशोधकाने हवाली करण्याचे नियम लिहून काढले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांच्या वहीची मांडणी केली. तेव्हापासून मूळ रीत बदललेली नाही. बदलला आहे तो विश्वास. त्या काळी कोणीही दारावर आले तर आत घेत. आता आलेल्याची चौकशी होते, आणि निम्मे बिघाड या चौकशीतच असतात.

आता बिघाड शोधू. सुरुवात सर्व्हरपासून करायची नाही. सुरुवात 'कुठून कुठे जाते आणि कुठून कुठे जात नाही' यापासून करायची. आम्ही त्या कार्यालयात तीन मेली पाठवून बघितल्या. आतल्या आत, या टेबलावरून त्या टेबलावर, मेल तत्काळ पोचली. आतून बाहेर पाठवलेली लातूरच्या एका पत्त्यावर गेली, पुण्याच्या पत्त्यावर गेली नाही. बाहेरून आत, म्हणजे आमच्या मोबाईलवरून त्यांच्या पत्त्यावर पाठवलेली आलीच नाही. या तिसऱ्या गोष्टीने सगळे चमकले. आठवडाभर बाहेरची एकही मेल आली नव्हती आणि कोणाच्या ध्यानात आले नव्हते. "दिवाळी हाय, लोक सुट्टीवर असतील," असे ते समजत होते. आतल्या मेली बिनघोर चालत असल्यामुळे सर्व्हर ठणठणीत आहे असाही समज होता, आणि तो समज बरोबरच होता. मोटार चालू होती, बिघाड बांधाच्या पलीकडे होता.

नंतर आम्ही सर्व्हरची रोजकीर्द उघडली. प्रत्येक मेल सर्व्हर अशी नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. कोणती मेल किती वाजता आली, कोणाकडे नेली, समोरच्याने काय उत्तर दिले, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. उत्तराचा पहिला आकडा बघायचा. २ असेल तर मेल घेतली. ४ असेल तर 'आत्ता नको, नंतर ये'. ५ असेल तर 'घेत नाही, परत जा'. मुलाचे दरपत्रक त्याच दिवशी दुपारी निघाल्याची नोंद होती, आणि पुण्याच्या सर्व्हरने ४५० असे उत्तर दिले होते. आलेल्या यंत्राच्या क्रमांकाला नाव सापडत नाही, सबब आत्ता घेता येत नाही, असे कारणही पुढे लिहिलेले होते. ४ चे उत्तर आले की मेल परत येत नाही, ती रांगेत थांबते आणि सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दोन दिवस ती मेल उसाच्या गाडीसारखी यार्डात उभी होती. मुलाला सूचना आली नाही कारण मेल अजून 'नाकारलेली' नव्हती. अध्यक्षांनी ती ओळ स्वतः वाचली, वेळ बघितली आणि गप्प झाले. सौदा गेला तो गेलाच, पण मुलावरचा आळ त्या एका ओळीने निघाला. लॉग जपून ठेवणे हा काही नुसता छंद नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या यंत्रणेचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत.

आता क्रमांकाला नाव का सापडत नव्हते? इथे आम्ही राऊटर बघितला. राऊटर म्हणजे कार्यालयाची वेस. आत प्रत्येक यंत्राला घरगुती क्रमांक असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि बाहेरच्या जगाला दिसतो तो वेशीचा एकच क्रमांक. त्या राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा क्रमांक १०० ने सुरू होत होता आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान होता. ही खूण प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. ही क्रमांकांची पट्टी २०१२ साली खास 'सामाईक' वापरासाठी राखून ठेवलेली आहे. इंटरनेट देणारी कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या क्रमांकामागे बसवते, तेव्हा या पट्टीतला क्रमांक आपल्या राऊटरला मिळतो. पाहायला, वाचायला, व्हिडिओला काही फरक पडत नाही. परंतु बाहेरच्याला आपल्या दारापर्यंत येता येत नाही, कारण आपले असे दारच राहत नाही.

चौकशीत कळले की, आठ-दहा दिवसांपूर्वी जोडणी देणाऱ्याने जुनी तांब्याची लाइन काढून फायबर टाकली होती. वेग वाढला म्हणून सगळे खूश. जुन्या लाइनला ठरावीक, न बदलणारा क्रमांक होता, नवीला नव्हता, आणि हे कोणी सांगितले नव्हते. नावांच्या वहीत मात्र कंपनीच्या मेलच्या यंत्रापुढे जुनाच क्रमांक लिहिलेला. म्हणजे घर बदलले आणि पोस्टात जुनाच पत्ता राहिला. येणारी टपाल जुन्या घरी जात होती, तिथे कोणी दार उघडत नव्हते. यात एक धोकाही आहे. जुना क्रमांक उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो आणि आपले टपाल त्याच्या दारावर जाऊन उभे राहते.

हे बघायला मोठी अक्कल लागत नाही. कॉम्प्युटरवर एनएसलुकअप नावाची आज्ञा असते. तिच्यात एमएक्स विचारायचे आणि आपल्या गावाचे, म्हणजे डोमेनचे, नाव द्यायचे. जे नाव येईल त्याचा पुन्हा क्रमांक विचारायचा. तो क्रमांक आणि आपला खरा बाहेरचा क्रमांक एक आहे का, ते ताडून बघायचे. एमएक्सपुढे यंत्राचे नाव असावे लागते, नुसता क्रमांक चालत नाही. ही चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. क्रमांक जुळत असेल तर मग दार उघडे आहे का ते बघायचे. त्यासाठी कार्यालयाच्या जोडणीवरून न बघता मोबाईलच्या इंटरनेटवरून टेलनेटने २५ नंबरचे दार ठोठावायचे. २२० असा आकडा आला तर दार उघडे आहे. काहीच आले नाही तर राऊटर, फायरवॉल किंवा जोडणी देणारा, यांपैकी कोणीतरी मधे उभा आहे.

उलट नावाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात लोक हमखास फसतात. नावावरून क्रमांक शोधतात तसे क्रमांकावरूनही नाव शोधता येते. त्या नोंदीला पीटीआर म्हणतात. पुण्याच्या सर्व्हरने हीच नोंद शोधली आणि त्याला मिळाली नाही. आता गंमत अशी की, डोमेन आपल्या मालकीचे असले तरी ही नोंद आपल्याला करता येत नाही. क्रमांक ज्याचा त्याचीच ती नोंद. म्हणजे घरावरची पाटी आपण लावू, पण सातबाऱ्यावरचे नाव तलाठीच लावणार. तेव्हा जोडणी देणाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो : अमुक क्रमांकापुढे आमच्या यंत्राचे अमुक नाव लावावे. फोनवर सांगून होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी नोंद एसपीएफची. आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, याची ही जाहीर यादी. क्रमांक बदलला की ही यादीही बदलावी लागते, नाही तर आपलाच सर्व्हर जगाला तोतया दिसतो. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. जुनी न काढता दुसरी टाकली तर दोन्ही वाया जातात. हिच्या जोडीला डीकेआयएम म्हणजे मेलवरचा शिक्का, आणि डीएमएआरसी म्हणजे शिक्का जुळला नाही तर काय करावे याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम कडक केले आहेत. जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेली पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात. लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि उलट नावाची नोंद लागते. हा जाच वाटतो खरा. पण 'आमचे बँक खाते बदलले, रक्कम नव्या खात्यावर पाठवा' अशा खोट्या मेली कंपनीच्याच नावाने फिरतात, त्यांना अडवायला हेच उपाय आहेत. तशी मेल आली तर मेलला उत्तर न देता माहितीतल्या नंबरवर फोन करावा, हे वेगळे सांगायला नको.

त्या कार्यालयात मग काय केले? ठरावीक क्रमांकासाठी जादा पैसे भरून अर्ज दिला आणि त्याच अर्जात उलट नावाचीही मागणी लिहिली. त्याला काही दिवस लागणार होते. तोपर्यंत जाणारी मेल एका मेलसेवेमार्फत ५८७ नंबरच्या दाराने, नाव आणि परवलीचा शब्द देऊन, बाहेर काढली. त्या सेवेचे नाव एसपीएफमध्ये घातले. येणाऱ्या मेलसाठी एमएक्स तात्पुरता त्याच सेवेकडे वळवला. असा बदल केल्याबरोबर सगळ्या जगाला कळत नाही. प्रत्येक नोंदीला मुदत असते, ती सेकंदांत लिहितात. ८६४०० असेल तर पुरा एक दिवस जुनी नोंद चालत राहते. म्हणून लाइन बदलायची ठरली की दोन दिवस अगोदर ही मुदत ३६०० म्हणजे एक तासावर आणून ठेवावी. दुसऱ्या दिवशी एकदम पुष्कळ मेली येऊन पडल्या. पाठवणारे सर्व्हर चार-पाच दिवस प्रयत्न सोडत नाहीत, त्यामुळे तेवढ्या दिवसांतले टपाल वाचले. त्याआधीचे पाठवणाऱ्यांकडे परत गेले होते. त्या लोकांना एकेक फोन करावा लागला, आणि ते काम त्या मुलानेच केले.

आपल्याकडे आणखी एक बिघाड नेहमीचा आहे आणि त्याचे मूळ लाइटीत आहे. लाइट जाते, येते, राऊटर पुन्हा चालू होतो आणि यंत्रांना घरगुती क्रमांक नव्याने वाटतो. सर्व्हरला काल १० होता, आज १४ मिळतो. राऊटरला मात्र सांगून ठेवलेले असते की, २५ नंबरच्या दारावर आलेला १० कडे पाठव. १० वर आता प्रिंटर बसलेला! प्रिंटर काही टपाल घेत नाही. सर्व्हरचा क्रमांक कायमचा पक्का करून टाकणे हा याचा उपाय, आणि सर्व्हर, राऊटर व फायबरची डबी ही तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्यावीत.

काही वेळा घरी मोबाईलवर मेल दिसते आणि कार्यालयाच्या वायफायवर आले की बंद होते. लोक मोबाईल बदलतात. वास्तविक आतला माणूस वेशीबाहेर जाऊन पुन्हा त्याच वेशीतून आत यायला बघतो आणि पुष्कळ राऊटर त्याला वळू देत नाहीत. कार्यालयाच्या आतल्या नाव-वहीत त्याच नावापुढे घरगुती क्रमांक लिहिला की काम होते. सर्व्हरचे घड्याळ चुकणे, प्रमाणपत्राची मुदत संपणे, डिस्क भरणे हे किरकोळ प्रकार आहेत, पण ते बघावेत जरूर.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. मेल जात नाही म्हणून फायरवॉल सगळी बंद करणे, किंवा सर्व्हरला 'कोणाचीही मेल कोणाकडेही पाठव' अशी मोकळीक देणे. सारखे दार ठोठावत फिरणारी यंत्रे जगात अखंड चालू असतात. त्यांना असा उघडा सर्व्हर सापडला की रातोरात आपल्या दारातून हजारो भिकार मेली सुटतात आणि आपला क्रमांक काळ्या यादीत जातो. त्यातून नाव काढून घेणे फार किचकट. दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा, तपासावे, वहीत लिहावे, आणि उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घ्यावा. पाच व्हॉल्व एकदम फिरवल्यावर पाणी आले तरी कशाने आले हे कळत नाही.

आता प्रश्न राहतो की, लहान संस्थेने स्वतःचा मेल सर्व्हर ठेवावा का? इथे साखर कारखान्यांच्याच इतिहासातले एक उदाहरण बघण्यासारखे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ साली केंद्र सरकारच्या मदतीने वायर्ड व्हिलेज योजना सुरू झाली. परिसरातल्या सुमारे ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रे काढून ती जोडण्याची ही योजना. ऊस उत्पादकाला आपली ऊसनोंद आणि वजने गावातच कळावीत, हा हेतू. काम मोठे होते आणि त्या काळाच्या मानाने धाडसाचे होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी त्याचा अभ्यास केला आणि सात गावांत आठ महिने कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाईलवरच्या एसएमएसने तीच माहिती देऊन बघितली. २००७ साली त्यांनी लिहिले की, कॉम्प्युटरवरची सगळी कामे एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तेच जास्त पसंत पडले. काम तेच, फक्त वाट अशी निवडली की जी खेड्यात सांभाळता येते.

आमचे मत असे : ज्या कार्यालयात ठरावीक क्रमांक आहे, लाइट नसताना चालणारी सोय आहे, आणि लॉग वाचू शकणारा एक तरी माणूस कायम आहे, त्यांनी खुशाल स्वतःचा सर्व्हर ठेवावा. बाकीच्यांनी डोमेनचे नाव स्वतःच्या मालकीचे ठेवून टपालाचे काम भाड्याच्या सेवेला द्यावे. डोमेन मात्र संस्थेच्याच नावावर घ्यावे, बसवून देणाऱ्या माणसाच्या नावावर नको. तो गाव सोडून गेला की नोंद बदलायलाही दार राहत नाही.

कार्यालयात राऊटरशेजारी एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर बाहेरचा क्रमांक, सर्व्हरचा घरगुती क्रमांक, डोमेन कोणाकडे घेतले आणि त्याची मुदत कधी संपते, जोडणी देणाऱ्याचा तक्रार नंबर आणि गिऱ्हाईक क्रमांक एवढे लिहावे. परवलीचे शब्द त्यावर लिहू नयेत. जोडणी देणारा 'लाइन बदलतो' म्हणाला की त्याच वेळी विचारावे, "क्रमांक तोच राहणार का?" आणि उत्तर लेखी घ्यावे.

सभासदांच्या संस्थांना अडचण आली तर आमच्या विभागाकडे यावे. येताना परत आलेली मेल पुसून न टाकता पूर्ण छापून आणावी, खालचा इंग्रजी मजकूर तोडू नये, बिघाडाचे कारण बहुधा त्यातच असते. राऊटरच्या पडद्यावरच्या बाहेरच्या क्रमांकाचा फोटो आणि मेल पाठवल्याची नेमकी वेळ आणावी. 'काल सकाळी कधीतरी' यावरून लॉगमध्ये काही सापडत नाही.

— कॉम्प्युटर विभाग